गायनाचार्य विष्णु दिगंबर पलुसकर
करवीर प्रांतीचा एक लोकगुरू : चरित्र व कार्य

ज्या समाजास आपल्या उपकारकर्त्यांचे विस्मरण होते, त्याचे उत्सव कितीही थाटाचे झाले तरी ते मुळावाचून उभ्या केलेल्या मांडवासारखे होत. ज्युबिलीच्या वर्षी मागे वळून पाहण्याची जी रूढी आपल्यात आहे, तिचे मर्म हेच. आपण आज जे सहज भोगतो, ते कोणी तरी कष्टाने मिळवून ठेवले होते, याची जाणीव अशा प्रसंगी व्हावी. इमारती बांधणाऱ्यांची नावे शिळांवर कोरलेली असतात. पण ज्यांनी लोकांना एकत्र बसून, एका सुरात, मनोभावे गावयास शिकविले, त्यांची नावे शिळेवर क्वचितच आढळतात. सबब प्रस्तुत लेखात अशाच एका गायकाचे व तरुणांच्या शिक्षकाचे चरित्र वाचकांपुढे ठेवण्याचे योजिले आहे. हे गृहस्थ आपल्या पंथाचे नव्हते. परंतु ते आपल्याच मातीतले होते. मुरगुडाहून एका दिवसात जाऊन यावे इतक्या अंतरावरील कुरुंदवाड हे त्यांचे जन्मग्राम. विष्णु दिगंबर पलुसकर हे त्यांचे नाव.

एक शब्द, दोन आखाडे

आपल्या कोल्हापूर प्रांती ‘तालीम’ म्हटले की लाल माती, लंगोट आणि जोर-बैठका डोळ्यांपुढे येतात, आणि ‘वस्ताद’ म्हटले की पोरांना पहाटे उठवून घाम गाळावयास लावणारा कडक पण प्रेमळ माणूस आठवतो. हेच दोन्ही शब्द गवयांच्या घरीही चालतात, हे मात्र पुष्कळांच्या ध्यानी येत नाही. गवयाच्या भाषेत ‘तालीम’ म्हणजे गुरूने समोर बसवून गळ्यावर घडविलेले शिक्षण. आणि आपला ‘वस्ताद’ हा गवयांच्या ‘उस्ताद’ शब्दाचाच मराठमोळा भाऊ होय. दोन्ही आखाड्यांचा धर्मही एकच आहे. दोन्हीकडे पहाटेची मेहनत, दोन्हीकडे आहाराचा व आचाराचा नियम, दोन्हीकडे गुरूच्या शब्दापुढे शिष्याने मान लववावयाची. छत्रपती शाहू महाराजांनी या दोन्ही आखाड्यांस उदार आश्रय दिला. खासबागेचे कुस्त्यांचे मैदान १९१२ साली त्यांनी उभे केले, आणि त्याच महाराजांच्या दरबारी उस्ताद अल्लादिया खाँसाहेब अनेक वर्षे गात होते. महाराजांचा जन्म १८७४ चा, विष्णु दिगंबरांचा १८७२ चा. दोघे जवळजवळ समवयस्क होते आणि दोघांनीही, एकाने राजदंडाने व दुसऱ्याने तंबोऱ्याने, आपल्या काळच्या तरुणांची घडण करण्याचे काम अंगावर घेतले.

बालपण व दृष्टिहानी

कुरुंदवाड त्या काळी पटवर्धनांच्या लहानशा संस्थानाचे ठिकाण होते. आज ते कोल्हापूर जिल्ह्याच्या शिरोळ तालुक्यात मोडते. कृष्णा व पंचगंगा यांच्या संगमावरील नरसोबाची वाडी तेथून अगदी जवळ. अशा भक्तिमय परिसरात १८ ऑगस्ट १८७२ रोजी विष्णूचा जन्म झाला. वडील दिगंबरपंत हे कीर्तनकार होते. त्यामुळे शब्द, सूर आणि श्रोता या तिघांची गाठ कशी पडते, हे त्या मुलाने पाळण्यापासून पाहिले. कीर्तनकाराचे गाणे हे दरबाऱ्याच्या गाण्याहून भिन्न असते. दरबारात एक गातो व इतर ऐकतात. कीर्तनात एक आरंभ करतो व मग सारे देऊळ गाते. पुढे विष्णु दिगंबरांनी जे जे केले, त्याचे बीज या एका भेदात आहे, असे म्हटल्यास ते अतिशयोक्त होणार नाही.

बालपणीच एका उत्सवप्रसंगी फटाक्याची दारू चेहऱ्यावर उडाली आणि मुलाच्या डोळ्यांस भयंकर इजा झाली. दृष्टी सर्वस्वी गेली नाही, तथापि ती इतकी मंदावली की शाळेचे शिक्षण पुढे चालणे अशक्य झाले. हुशार मुलाच्या आईबापांवर त्या दिवशी कोणता प्रसंग ओढवला असेल, हे ज्यांच्या घरी असे दुःख आले असेल त्यांनाच कळेल. औषधोपचारासाठी त्याला मिरजेस नेण्यात आले. डोळे पूर्ववत् झाले नाहीत. परंतु मुलाचा गळा गोड आहे आणि त्याला गायन शिकवावे, असा विचार तेथे निघाला, व मिरजेच्या अधिपतींनी त्याच्या शिक्षणाचा भार उचलला. ज्या अपघाताने पुस्तके बंद केली, त्यानेच स्वरांचे दार उघडले. दैवाच्या अशा योजना माणसास आधी कळत नाहीत. त्या मागाहून कळतात.

बाळकृष्णबुवांची तालीम

मिरजेस विष्णूला गुरू लाभले ते बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर. बुवांचा जन्म १८४९ चा. ग्वाल्हेरची ख्यालगायकी महाराष्ट्रात आणून येथे रुजविण्याचे श्रेय मुख्यत्वेकरून त्यांस दिले जाते. ती विद्या मिळविण्यासाठी त्यांनी तरुणपणी घरदार सोडून वणवण केली, उपासमार सोसली, गुरुगृही पडेल ते काम केले. त्यांचे गुरू वासुदेवबुवा जोशी. आणि वासुदेवबुवांस ती विद्या ग्वाल्हेरच्या हद्दूखाँ-हस्सूखाँ यांच्या घराण्याकडून प्राप्त झालेली. म्हणजे कुरुंदवाडच्या कीर्तनकाराच्या मुलापर्यंत जो सुरांचा ओघ आला, तो मुसलमान उस्तादांच्या घरातून, ब्राह्मण गवयाच्या हातून, शेकडो कोस चालून आलेला होता. ही गोष्ट वाचकांनी मनात धरून ठेवावी. पुढे तिचे प्रयोजन पडणार आहे.

बुवांची शिकवणी कठोर होती. जुन्या गुरुगृही शिष्यास प्रथम सेवा करावी लागे, आणि कित्येक दिवस, कधी कित्येक महिने, एकाच पलट्यावर घासावे लागे. आज काय शिकविले जाईल व उद्या काय, हे शिष्याने विचारावयाचे नसे. लिहून घेण्याची सोय नव्हती. गुरूच्या मुखातून निघेल तेवढेच आपले. या पद्धतीने गळा पक्का होई, यात शंका नाही. परंतु गुरूची मर्जी फिरली, वा गुरू अकाली निवर्तले, की विद्येचा झरा तेथेच आटे. विष्णूने सुमारे नऊ वर्षे या शिस्तीत काढली. तिचे गुण त्याने घेतले, आणि तिच्यातील उणीवही त्याच्या सूक्ष्म बुद्धीस दिसली.

मिरज सोडण्याचे कारण

१८९६ साली विष्णु दिगंबरांनी मिरज सोडली. त्यामागील म्हणून जी हकीगत सांगतात, ती अशी : एका सार्वजनिक समारंभाचे आमंत्रण त्यांना आले; पण त्यांच्या गुरूंस आले नाही. विचारणा करता, गवयांस अशा ठिकाणी बोलाविण्याची रीत नाही, आणि तुम्हांस जे आमंत्रण आहे ते केवळ अधिपतींची मर्जी तुमच्यावर आहे म्हणून, अशा आशयाचे उत्तर मिळाले. ज्याच्या पायाशी बसून आपण विद्या घेतली, तो प्रतिष्ठित लोकांच्या पंक्तीस बसण्यास अपात्र ठरतो, हा घाव त्या चोवीस वर्षांच्या तरुणाच्या जिव्हारी लागला.

त्या काळच्या समाजाची स्थिती ध्यानात घेतली म्हणजे या घावाचे कारण समजते. गाणे सर्वांस हवे असे, पण गाणारा कोणास नको असे. गवई म्हणजे व्यसनी, आश्रित, तोंडपुजा, अशी समजूत सभ्य घरांत दृढ होती. आणि गाणाऱ्या स्त्रियांची अवहेलना तर याहूनही अधिक. आपल्या मुलास गावयाची आवड लागली की आईबाप चिंताक्रांत होत. या स्थितीवर दोन उपाय होते. एक, स्वतः मोठा दरबारी गवई होऊन स्वतःपुरता मान मिळविणे. दुसरा, विद्येचीच प्रतिष्ठा वाढविणे, म्हणजे तिच्यामागून विद्यावंतासही मान मिळेल. पहिला मार्ग सोपा होता आणि विष्णु दिगंबरांस तो खचितच साधला असता. त्यांनी दुसरा पत्करला.

प्रथम ते बडोदे, ग्वाल्हेर, काठेवाड इत्यादी ठिकाणी फिरले. काठेवाडात राजकोट येथे त्यांनी तिकीट लावून जाहीर जलसा केला. आज ही गोष्ट अगदी साधी वाटते. परंतु ज्या काळी उत्तम गाणे राजाच्या दिवाणखान्यात किंवा श्रीमंताच्या बैठकीतच व्हावयाचे, त्या काळी चार आणे देणाऱ्या दुकानदारास व कारकुनासही तेच गाणे ऐकावयास मिळावे, ही एक सामाजिक क्रांतीच होती. पुढे मथुरेस राहून त्यांनी ब्रजभाषेचा अभ्यास केला, कारण पदांचा अर्थ न समजता ती गाणे त्यांना मान्य नव्हते. तेथून पंजाबच्या वाटेने ते लाहोरास पोहोचले.

लाहोरचे विद्यालय

५ मे १९०१ रोजी लाहोर येथे गांधर्व महाविद्यालयाची स्थापना झाली. राजाश्रयावर नव्हे, लोकांच्या वर्गणीवर व स्वतःच्या मैफलींच्या उत्पन्नावर चालणारी संगीताची शाळा ही त्या काळी अपूर्व वस्तू होती. आरंभी विद्यार्थी येईनात. तथापि ठरल्या वेळी दार उघडावे, तंबोरा जुळवावा आणि रिकाम्या वर्गातच बसून गावे, असा नेम त्यांनी सोडला नाही, असे त्यांच्याविषयी सांगतात. हळूहळू एकेक करून मुले येऊ लागली. पुढे स्त्रियांसाठीही वर्ग निघाले. कुलीन घरच्या मुली गावयास शिकतात, हे दृश्य लोकांच्या डोळ्यांस प्रथम खुपले व मग सवयीचे झाले.

या शाळेत त्यांनी जुन्या तालमीचा कस राखून नव्या शाळेची शिस्त आणली. वर्गांचा क्रम ठरविला, वेळापत्रक घातले, परीक्षा सुरू केल्या, पदव्या दिल्या. संगीत कागदावर उतरविण्यासाठी स्वतःची स्वरलिपी सिद्ध केली, आणि लहान मुलांपासून प्रौढ विद्यार्थ्यांपर्यंत क्रमवार पाठ्यपुस्तके रचून छापविली. ‘संगीत बालप्रकाश’, ‘संगीत बालबोध’ ही त्यांतील काही नावे. गुरूची मर्जी असो वा नसो, पुस्तक उघडणाऱ्यास राग, ताल व बंदिश यांची ओळख तरी व्हावी, हा त्यातील हेतू. लिपीवरून गाणे पुरते येत नाही, हे ते स्वतः जाणून होते. गळ्याची शिकवण गळ्यानेच व्हावयाची. तथापि स्मरणातून निसटणारी वस्तू कागदावर बांधून ठेवली तर निदान ती हरवत तरी नाही. याच काळात पंडित विष्णु नारायण भातखंडे हेही आपली स्वतंत्र लिपी व ग्रंथ सिद्ध करीत होते. दोन विष्णूंचे मार्ग भिन्न, काही बाबतींत मतभेदही तीव्र. परंतु आज आपल्या देशात शाळेत बसून संगीत शिकता येते, ते या दोघांच्या परिश्रमाचे फळ होय.

तरुणांचे वस्ताद

विष्णु दिगंबर गायक म्हणून थोर होतेच. त्यांचा आवाज मोठ्या सभेत शेवटच्या माणसापर्यंत पोहोचे, अशी त्यांची ख्याती होती. परंतु त्यांची खरी थोरवी त्यांनी घडविलेल्या तरुणांत आहे. विद्यालयात ‘उपदेशक वर्ग’ नावाची एक शाखा होती. तीत घेतलेल्या मुलांस फी नसे. राहण्याजेवण्याची व्यवस्था गुरूकडेच असे, आणि त्यांनी नऊ वर्षे शिक्षण पुरे करण्याचा करार लिहून द्यावयाचा. पहाटे उठणे, मेहनत, वर्ग, पुन्हा मेहनत, लहान विद्यार्थ्यांस शिकविणे, जलशांच्या वेळी पडेल ते काम करणे, असा त्यांचा दिनक्रम असे. निर्व्यसनीपणाविषयी गुरूचा कटाक्ष फार. गवयाचा मुलगा चारचौघांत ताठ मानेने उभा राहिला पाहिजे, ही त्यांची पहिली शिकवण, आणि रागदारी ही दुसरी.

या तालमीतून जे मल्ल बाहेर पडले, त्यांची नावे पाहिली म्हणजे वस्तादाची योग्यता वेगळी सांगावी लागत नाही. मिरजेचे विनायकराव पटवर्धन हे गुरूंच्या पश्चात १९३२ साली पुण्यास गांधर्व महाविद्यालय काढून तेथे आयुष्यभर शिकवीत राहिले. गुजरातेतून आलेल्या दरिद्री घरच्या ओंकारनाथ ठाकुरांस ऐन तारुण्यातच लाहोरच्या विद्यालयाची धुरा सोपविण्यात आली. पुढे ते काशीच्या हिंदू विश्वविद्यालयात संगीताचे आचार्य झाले. मिरजेचेच बी. आर. देवधर यांनी १९२५ साली मुंबईत आपली संगीतशाळा काढली, आणि तिच्यातूनच पुढे कुमार गंधर्व निघाले. आपल्या कोल्हापुरात जन्मलेले शंकरराव व नारायणराव व्यास हे बंधुद्वयही याच गुरूचे शिष्य. नारायणरावांच्या ध्वनिमुद्रिका घरोघर वाजल्या, आणि शंकररावांनी १९४३ सालच्या ‘रामराज्य’ या बोलपटास संगीत दिले.

आणखी एका शिष्याचे नाव येथे मुद्दाम घेतले पाहिजे. ते म्हणजे नारायण मोरेश्वर खरे. महात्मा गांधींनी साबरमतीच्या आश्रमासाठी विष्णु दिगंबरांकडे एक संगीतशिक्षक मागितला, तेव्हा त्यांनी खरे यांस पाठविले. आश्रमाची रोजची सकाळ-संध्याकाळची प्रार्थना सुरात बसविणे, निरनिराळ्या भाषांतील व धर्मांतील भजने एकत्र करणे, आणि ज्यांना सूर म्हणजे काय ते ठाऊक नाही अशांकडून ती गाववून घेणे, हे काम त्यांनी वर्षानुवर्षे केले. १२ मार्च १९३० रोजी मिठाच्या सत्याग्रहासाठी जी तुकडी दांडीच्या वाटेस लागली, तिच्यात पंडित खरे होते. १९३८ साली हरिपुरा येथे त्यांचे देहावसान झाले. ते मैफलीचे गवई म्हणून गाजले नाहीत. त्यांनी लोकांना गाते केले. गुरूने पेरलेले बीज सर्वांत खोल कोठे रुजले, असे कोणी विचारील तर प्रस्तुत लेखक या नावाकडे बोट दाखवील.

ऋण, लिलाव व वैराग्य

१९०८ साली मुंबईस विद्यालयाची शाखा निघाली व तीच पुढे मुख्य ठिकाण झाली. विद्यार्थी वाढले, छापखाना चालू लागला, वाद्ये दुरुस्त करण्याची व्यवस्था झाली. मग स्वतःची इमारत हवी असे वाटून कर्ज काढून ती बांधण्यात आली. कर्ज फेडण्याचे साधन एकच, ते म्हणजे पंडितजींचा गळा. त्यांनी गावोगाव जलसे करावे, पैसे आणावे, आणि ते व्याजात व खर्चात विरून जावे, असे चक्र सुरू झाले. दरम्यान त्यांच्या मनाचा ओढा रामभक्तीकडे अधिकाधिक होऊ लागला. भगवी वस्त्रे धारण करून ते रामायणाची प्रवचने व रामधून यांत रमले. नाशकास त्यांनी रामनाम-आधार आश्रम स्थापिला. उत्पन्न घटले, सावकारांचा तगादा वाढला, आणि १९२४ च्या सुमारास मुंबईची इमारत लिलावात गेली. पंचवीस वर्षांच्या घामाची वास्तू डोळ्यांदेखत परक्याची झाली.

घरीही दुःखे थोडी नव्हती. पंडितजींची अनेक अपत्ये अल्पायुषी ठरली. १९२१ साली जन्मलेला दत्तात्रेय हा पुत्र तेवढा मोठा झाला. २१ ऑगस्ट १९३१ रोजी मिरज येथे विष्णु दिगंबरांनी देह ठेवला, तेव्हा तो मुलगा अवघा दहा वर्षांचा होता. ज्या गावी त्यांना गुरू मिळाला आणि ज्या गावी त्यांच्या गुरूचा अवमान झाला, त्याच गावी त्यांच्या आयुष्याची भैरवी झाली. पोरक्या मुलास पुढे विनायकराव पटवर्धन व नारायणराव व्यास यांनी शिकविले. बापाने जे शिष्यांस दिले होते, ते शिष्यांनी बापाच्या लेकरास परत केले. दत्तात्रेय विष्णु पलुसकर यांचा निर्मळ आवाज ज्यांनी एकदा ऐकला, ते तो विसरत नाहीत. १९५५ साली वयाच्या चौतिसाव्या वर्षी तेही गेले.

इमारत गेली, परंतु संस्था गेली नाही. गुरूंच्या निधनानंतर त्याच वर्षी, म्हणजे १९३१ साली, शिष्य अहमदाबादेस एकत्र जमले व त्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केले. आज या अखिल भारतीय मंडळाच्या प्रारंभिक, प्रवेशिका, मध्यमा, विशारद व अलंकार या परीक्षांस देशभर असंख्य मुलेमुली बसतात. खेड्यातील एखादी मुलगी पेटीपुढे बसून प्रारंभिकचा राग घोकते, तेव्हा तिला ठाऊक असो वा नसो, ती त्याच लाहोरच्या रिकाम्या वर्गात गायलेल्या स्वराची वारस असते.

एक विवेचन

थोर पुरुषाचे स्मरण करताना केवळ फुले वाहून थांबणे हे त्याच्या थोरवीस शोभत नाही. विष्णु दिगंबरांच्या कार्यावर जे आक्षेप घेतले गेले, त्यांचाही विचार झाला पाहिजे. पहिला आक्षेप असा की, शाळेच्या वर्गात गवई घडत नाहीत. शेकडो विद्यार्थ्यांत दोन-चार नाव घेण्याजोगे निघाले, मग एवढा खटाटोप कशासाठी? याचे उत्तर त्यांच्याच नावे सांगितल्या जाणाऱ्या वचनात आहे : तानसेन निघाले नाहीत तरी कानसेन निघावेत, असा त्याचा आशय. तालमीत जाणारा प्रत्येक मुलगा हिंदकेसरी होत नाही. पण गावातील शंभर मुले तालमीत गेली तर गावाची छाती रुंद होते. तोच न्याय येथे लावावा.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. संगीताची प्रतिष्ठा वाढविताना पंडितजींनी जुन्या बंदिशींतील शृंगारिक शब्द काढून तेथे भक्तिपर शब्द घातले आणि विद्यालयाचे सारे वातावरण हिंदू भक्तीचे केले. त्यायोगे ज्या मुसलमान उस्तादांनी व गाणाऱ्या स्त्रियांनी ही विद्या पिढ्यानपिढ्या सांभाळली, त्यांचे स्थान मागे पडले, असे प्रतिपादन इतिहासकार जानकी बखले यांनी २००५ साली प्रसिद्ध झालेल्या आपल्या ग्रंथात केले आहे. १९२३ च्या काकीनाडा काँग्रेसचा प्रसंगही याच संदर्भात आठवतो. पंडितजी ‘वंदे मातरम्’ गावयास उभे राहिले असता अध्यक्ष मौलाना महंमद अली यांनी धार्मिक कारणास्तव हरकत घेतली. ही राष्ट्रीय सभा आहे, मशीद नव्हे, असे सांगून पंडितजींनी गायन पूर्ण केले. त्यांच्या धैर्याची स्तुती झाली. तथापि एकाचे भक्तिगीत दुसऱ्याच्या मनात संकोच उत्पन्न करू शकते, ही अडचण त्या दिवशी सुटली नाही, व अद्यापही ती सर्वस्वी सुटलेली नाही.

या आक्षेपात तथ्य आहे, हे कबूल केले पाहिजे. ज्या ओघाचा उल्लेख वर केला, तो हद्दूखाँ-हस्सूखाँच्या घरून आला होता; त्या ऋणाचा उच्चार विद्यालयाच्या भिंतींत पुरेसा झाला नाही. तथापि दुसरी बाजूही तेवढीच खरी. लोकांना एकत्र बसवून गाववावयाचे तर ज्या शब्दांवर त्यांची श्रद्धा आहे, ते शब्दच हाती घ्यावे लागतात. कीर्तनकाराच्या मुलास रामनाम सापडले, ते त्याने घेतले. त्याच्याच शिष्याने, पंडित खऱ्यांनी, आश्रमाच्या प्रार्थनेत सर्व धर्मांच्या पदांस जागा दिली. म्हणजे गुरूच्या हातून जे राहिले, ते शिष्याच्या हातून पुढे गेले. गुरूची उणीव शिष्याने भरून काढावी, याहून गुरूचा मोठा सन्मान तो कोणता?

आपणांस यातून काय घ्यावयाचे

लोकांच्या भाषेत, लोकांच्या चालीवर, सर्वांनी मिळून देवाचे गुणगान करावे, ही कल्पना आपणांसही नवी नाही. इंग्लंडात जन्मलेले जेझुइट धर्मगुरू फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठी ओवीत रचलेले ‘क्रिस्तपुराण’ १६१६ साली गोव्यातील रायतूर येथे छापले गेले, आणि ते तेथील भाविक एकत्र बसून गात असत. पुढे दीर्घकाल उपासनेची मुख्य भाषा लॅटिन राहिली. दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेने १९६३ साली उपासनेविषयी जी घटना प्रसृत केली, तिने लोकभाषेस व त्या त्या देशाच्या संगीतपरंपरेस उपासनेत मानाचे स्थान दिले. आणि पेटी, तबला, झांज यांच्या साथीने मराठी गीते देवालयात घुमू लागली. ज्या सरगमीवर ती गीते बसविली जातात, ज्या क्रमाने मुलांस सूर शिकविले जातात, त्या पद्धतीवर कुरुंदवाडच्या त्या अर्धदृष्टी मुलाचे ऋण आहे. तो आपल्या वेदीपुढे कधी उभा राहिला नाही. पण त्याने घालून दिलेल्या वाटेने आपले गायकवृंद चालतात.

प्रत्येक धर्मग्रामात असा एखादा माणूस असतो, की जो पहाटे लवकर येऊन पेटीची धूळ झाडतो, बेसूर पोरास न रागावता दहा वेळा एकच ओळ म्हणावयास लावतो, सायंकाळी त्याच पोरांना मैदानात खेळवितो, आणि सणाच्या दिवशी स्वतः मागच्या रांगेत उभा राहतो. त्याचे नाव कोठे छापून येत नाही. वर्तमानपत्रात त्याचे चित्र येत नाही. अशा माणसाची किंमत आपण बहुधा तो गेल्यावर करतो. विष्णु दिगंबरांचे चरित्र वाचून जर एक गोष्ट करावयाची असेल, तर ती ही की, असा जो कोणी आपल्या गावी आज हयात असेल, त्याच्या गुरूस जसे आमंत्रण नाकारले गेले तसे आपण त्याला नाकारू नये. पंगतीत त्याला मानाचे आसन द्यावे, आपली मुले त्याच्या स्वाधीन करावी, आणि त्याच्या कामात उणे असेल ते आपल्या हातांनी भरून काढावे.

मुरगुडाच्या वेदगंगेचे पाणी पुढे दूधगंगेस व तीतून कृष्णेस मिळते, आणि कुरुंदवाडच्या पंचगंगेचे पाणीही कृष्णेसच जाऊन मिळते. दोन गावांची नदी निराळी, पण पुढे प्रवाह एकच. सुरांचेही तसेच आहे. तो कोणाच्या घरातून निघाला, कोणत्या देवाचे नाव घेऊन निघाला, यावर त्याची पवित्रता अवलंबून नसते. तो किती तहानलेल्यांपर्यंत पोहोचला, यावर असते. त्या थोर गुरूच्या आत्म्यास प्रभू चिरशांती देवो, आणि त्याने आरंभिलेले काम चालविणारे तरुण आपल्या गावोगावी निर्माण होवोत, एवढीच या ज्युबिलीच्या प्रसंगी नम्र प्रार्थना.